रो मारला की पकड आपोआप वाढते?

‘जड बारबेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) करा, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि पकड दोन्ही आपोआप वाढतील,’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

वाकून केलेल्या बारबेल रोमध्ये कंबर पूर्ण सेटभर ताणून धरावी लागते, लॅट्सही (पाठीच्या बाजूचे रुंद स्नायू) राबतात. डेडलिफ्टला त्याचा उपयोग होतोच. पकडीचं गणित मात्र वेगळं. मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचा स्ट्रॅप वापरला की वजनाचा मोठा भाग पट्टा पेलतो, बोटं जवळपास मोकळी. आणि रोचं वजन बहुतेकांच्या डेडलिफ्टपेक्षा बरंच कमी असतं. पेंडले रो या प्रकारात तर दर रेपला (प्रत्येक आवर्तनाला) बार जमिनीवर टेकतो, म्हणजे बोटांना विसावा.

पकडच हवी असेल तर जड डंबेल घेऊन एका हाताने क्रॉक रो (जड डंबेल, जास्त रेप्सचा रो) करा, स्ट्रॅपशिवाय, २० च्या आसपास रेप्स. शेवटच्या चार-पाच रेप्सना हँडल तळव्यातून बोटांच्या टोकाकडे सरकू लागतं. खरी कसोटी तिथेच. (घामट हाताला जिममधला खडू लावा, ती फसवणूक नाही.)

डेडलिफ्टच्या दुसऱ्याच दिवशी कंबर दुखत असेल तर छाती बाकावर टेकवून रो करा. स्ट्रॅप फेकून द्यायची गरज नाही, फक्त पाठीचा शेवटचा जड सेट त्यांच्यासाठी ठेवा.