अजिंठ्याला जाताय? मग गाडीआधी गाईड ठरवा

गेल्या श्रावणात आई, बाबा आणि आत्या या तिघांना घेऊन अजिंठ्याला जाऊन आले. तिघांची वयं मिळून सव्वादोनशेच्या आसपास आणि धड चालणारे गुडघे मिळून दोन. फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच विचारणा चालू आहे, "गाडी कुणाची केलीस? किती घेतले?" गाईड कोण होता, हे आजतागायत एकानेही विचारलेलं नाही. म्हणून चिडून हे लिहायला बसले आहे. लांबण लागणार, आधीच सांगते.

आपल्याकडे सहलीचा हिशेब ठरलेला असतो. गाडी एसी हवी, सीट ऐसपैस हव्यात, जेवण चांगलं हवं. इथपर्यंत कुणी हात आखडता घेत नाही. गाईडचं नाव निघालं की मात्र घरातल्या सगळ्यांना एकदम काटकसर आठवते. "कशाला? पाट्या असतात की तिथे." "मोबाईलवर सगळं मिळतं." "शेजारच्या ग्रुपचा गाईड सांगत असेल ते ऐकू." हे शेवटचं वाक्य म्हणणारा एक काका प्रत्येक कुटुंबात असतो.

मीही त्यातलीच होते. बारा वर्षांपूर्वी एका टूरवाल्याबरोबर गेले होते. एका दिवसात अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद आणि बीबी का मकबरा! नकाशा उघडून बघा जरा. अजिंठा संभाजीनगरच्या ईशान्येला शंभर किलोमीटर, वेरूळ वायव्येला तीसेक. तोंडं दोन दिशांना. आमचा निम्मा दिवस बसच्या खिडकीत गेला आणि अजिंठ्यात मिळाला सव्वा तास. त्यातून माझ्या लक्षात काय राहिलं, तर रांगेत पुढे असलेल्या माणसाची मान. चाळीस जणांना मिळून एक गाईड होता, त्याने ओरडून सांगितलं की हे रंग भाजीपाल्याच्या रसापासून केलेत. पुढची बारा वर्षं मी ते भाजीपाल्याचं ज्ञान लोकांना वाटत फिरले.

या वेळी उलटं केलं. गाडी शेवटी ठरवली. पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेल्या तीन गाईडांना आधी फोन केले. पहिल्याने विचारायच्या आत सांगितलं, "मॅडम, दोन तासांत सगळी लेणी करून देतो." दुसऱ्याला लेण्यांपेक्षा खरेदीत जास्त रस दिसला. तिसरे साठीच्या घरातले. मी काही बोलायच्या आत त्यांनीच प्रश्न सुरू केले. बरोबर कोण आहे? वय काय? दम लागतो का? कुणी शिक्षक आहे का, कुणी चित्रं काढतं का? मी म्हटलं, बाबा निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, आईला अंधारात भीती वाटते, आत्याला गोष्टी लागतात. खरं तर धाकटे काकाही येणार होते, पण ते जानेवारीत गेले. पलीकडून क्षणभर काही आवाज नाही. मग म्हणाले, "बरं. आपण सहा लेणी बघू."

तीसपैकी सहा! माझ्यातला तो जुना काका जागा झाला. पैसे पूर्ण दिवसाचे आणि लेणी सहाच? पण "हो" म्हणून बसले.

वार त्यांनीच ठरवून दिला. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. एवढी एक गोष्ट न बघता शंभर किलोमीटर येऊन फाटकाला हात लावून परत जाणारे लोक दर आठवड्याला भेटतात म्हणे. आम्ही बुधवार घेतला. पहाटे निघून फुलंब्री, सिल्लोड करत घाट उतरलो. फर्दापूरच्या फाट्यावर, म्हणजे ज्याला सगळे टी पॉइंट म्हणतात तिथे, गाडी थांबली. इथून पुढे खाजगी गाड्यांना बंदी आहे. धुराचा त्रास चित्रांना होऊ नये म्हणून शेवटचे चार किलोमीटर बसने जायचं. बाबा म्हणाले, "एवढी प्रायव्हेट गाडी करून शेवटी एसटीच!"

पायऱ्यांपाशी डोलीवाले असतात. खुर्चीला दोन दांडे, उचलायला चौघे. आत्या लगेच बसली. बाबा अडून बसले. माणसांच्या खांद्यावर मी बसणार नाही, म्हणाले. मलाही ते बघवत नाही, खोटं कशाला बोलू. गाईडकाका वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात गर्दी कमी. तुम्ही चालत गेलात तर हे चौघे आज बसून राहतील." बाबा बसले, पण परत येईपर्यंत त्या चौघांच्या मुलांची शाळा, शेती, कर्ज सगळं त्यांना पाठ झालं होतं. हा प्रश्न त्यामुळे सुटला असं मी म्हणत नाही.

सगळे पर्यटक लेणं क्रमांक एकमध्ये घुसतात, कारण ते पहिलं लागतं. आम्ही थेट दुसऱ्या टोकाला, सव्विसाव्या लेण्यात गेलो आणि तिथून उलटं येत राहिलो. डावीकडच्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचा, कुशीवर निजलेला बुद्ध. महापरिनिर्वाण. आणि लेण्यात आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. खाली रडणारे शिष्य दिसतात, ते कुणालाही दिसतात. गाईडकाकांनी वर बघायला लावलं. वर देव आनंदात आहेत, बुद्ध त्यांच्याकडे येतोय म्हणून. आई बराच वेळ कधी खाली, कधी वर बघत राहिली. अंधाराचं काही बोलली नाही.

चोविसावं लेणं पुस्तकात एका ओळीत उरकतात, कारण ते अर्धवट आहे. काकांनी ते बाबांसाठी निवडलं होतं. पुरं झालं असतं तर इथल्या सगळ्यात मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. पण अर्धवट राहिल्यामुळे काम कसं चालायचं ते तिथे उघडं पडलंय. आधी छत, मग खाली. वरून खाली खोदत आलं की परांच्या बांधायच्या नाहीत, उभं राहायला पायाखाली दगड असतोच. खांब आधी ओबडधोबड सोडायचे, घडवायचे नंतर. बाबांनी चाळीस वर्षं बांधकामावर काढली. ते एका अर्ध्या खांबाला हात न लावता अगदी जवळून बघत म्हणाले, "इथे चूक झाली तर भरून काढायला काही नाही." मग दोघं बेसॉल्टच्या थरांवर बोलत राहिले आणि आम्ही तिघी बायका बाहेर वाघूर नदीचं पाणी बघत बसलो. पावसाळ्यात सातकुंडाचा धबधबा चालू असतो, नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणाच्या कड्यात सगळी लेणी ओळीने बसलेली. ते दहा मिनिटं नुसतं बसणं कुठल्या पॅकेजात असतं?

सतराव्या लेण्यात आत्याला तिच्या गोष्टी मिळाल्या. विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीची गोष्ट. दानशूर राजपुत्र, जो मागेल त्याला मागेल ते देतो. राज्याचा हत्ती दिला म्हणून वनवास, आणि वनवासात जूजक नावाच्या ब्राह्मणाने मुलं मागितली तर तीही दिली. आत्या जागीच थांबली. "पोरं दिली? बायकोला विचारलं तरी का?" काका म्हणाले, "माद्री फळं आणायला रानात गेली होती." "म्हणजे डाव साधला!" शेजारच्या ग्रुपमधले लोक हसायला लागले. आजोबा पैसे देऊन नातवंडांना सोडवतात आणि ते पैसे घेणारा जूजकही भिंतीवर आहे. त्याचं ते तोंड बघून आत्याचा राग थोडा निवळला.

मग काका बाबांना एकट्याला व्हरांड्यात घेऊन गेले. तिथे भिंतीवर एक कोरीव लेख आहे. हे लेणं इथल्या एका स्थानिक राजाने करवलं, अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. त्याला एक धाकटा भाऊ होता, रविसांब. तो गेला. त्या दुःखानंतर राजाचं मन धर्मकार्याकडे वळलं, असं तो लेख सांगतो. पाचव्या शतकातली गोष्ट. काकांनी एवढं सांगितलं आणि स्वतः चार पावलं मागे येऊन उभे राहिले. बाबा त्या भिंतीसमोर किती वेळ होते कोण जाणे. आम्ही कुणी हाक मारली नाही.

तर ही माहिती मोबाईलवर आहे का? असेल. पण बाबांचा भाऊ जानेवारीत गेला, हे मोबाईलला माहीत नव्हतं.

दहावं लेणं सगळ्यात जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचं, सातवाहनांच्या काळातलं. तिथल्या एका चित्रावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि एप्रिल 1819 ही तारीख खरडून ठेवली आहे. वाघाच्या शिकारीला आला होता, शेकडो वर्षं विस्मरणात गेलेली लेणी त्याला सापडली. सापडली म्हणजे बाहेरच्या जगाला, आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच. नाव आज आपल्या डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात पुरुषभर माती-दगडांचा ढीग साचलेला होता. म्हणजे आपल्याकडच्या बदामवाल्या प्रेमवीरांचा मूळपुरुष साहेबच निघाला.

चित्रांच्या नशिबी पुढेही काय काय आलं बघा. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षं इथे राहून मोठमोठ्या प्रतिकृती करत राहिला. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या, 1866च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुन्हा तेच काम केलं. त्यातल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. पुढे निजामाच्या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचं व्हार्निश दिलं, ते पिवळं पडलं. वाचवायला आलेल्यांचेही असे हाल. आणि मग आपण फ्लॅश मारतो, मनाई असताना.

पहिल्या लेण्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती, गर्दी जेवायला गेली होती. पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, बघितला. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही, उगाच शब्द खर्च होतील. पण भाजीपाल्याचं सांगते. काकांना मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "वनस्पतींचे रंग ना हे?" ते हसले. रंग दगड-मातीचे आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवट खनिज, पांढऱ्याला चुना, काळ्याला काजळी. निळा तेवढा अफगाणिस्तानातून आलेल्या लापिस लाझुली दगडाचा, म्हणून तो जपून वापरलेला. भिंतीला आधी तूस आणि गवत कालवलेल्या मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चित्र. त्यामुळे याला सरसकट फ्रेस्को म्हणणंही चूक, फ्रेस्को ओल्या गिलाव्यावर करतात. बारा वर्षांचं ज्ञान चार वाक्यांत गेलं.

चांगल्या गाईडची एक खूण तिथेच कळली. बाबांनी विचारलं, हे दुसऱ्या टप्प्याचं, म्हणजे सातवाहनांनंतरचं, काम व्हायला किती वर्षं लागली? काकांनी एक आकडा ठोकून दिला नाही. म्हणाले, वॉल्टर स्पिंक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्य इथे घातलं, त्याच्या मते वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, 460 ते 480च्या आसपास, वीसेक वर्षांत बहुतेक सगळं झालं. इतर बऱ्याच जणांना ते पटत नाही, ते जास्त काळ धरतात. दोन्ही बाजू सांगून थांबले. ज्या गाईडकडे प्रत्येक प्रश्नाचं चटकदार उत्तर तयार असतं, त्याच्यापासून जरा सावध राहा. वेरूळला कैलास परग्रहवासीयांनी खोदला म्हणणारे हेच लोक.

आता ज्यांना फक्त कामाचं हवंय त्यांच्यासाठी पटकन: बूट नकोत, बऱ्याच लेण्यांत काढावे लागतात, साध्या चपला घाला. पाणी बरोबर ठेवा. उन्हाळ्यात तिथला दगड तापतो, त्यामुळे शक्यतो नकोच. पॅकेजात वेरूळ त्याच दिवशी असेल तर ते पॅकेज नको. गाईडशी आधी फोनवर बोला, आणि तो तुम्हाला काय विचारतो इकडे लक्ष ठेवा.

आणि हो, पैसे. दिवसभराच्या गाडीला दिले त्याच्या निम्म्याहून कमी गाईडकाकांना लागले. बाबांनी घासाघीस न करता पाकिटात घालून दिले. हा माणूस भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडतो.

परवा आत्याचा फोन आला होता. वेरूळला कधी जायचं म्हणत होती, पण त्याच गाईडबरोबर. त्यांना फोन लावला तर म्हणाले, वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, उजेड दुपारनंतर आत येतो, सकाळी घाईने येऊ नका. मग विचारलं, "साहेबांचा गुडघा कसा आहे आता?"