डबीवरची चिठ्ठी आणि आतला सेंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

'जुना संग्राहक' यांस,

लिंकन सेंटवरच्या (लिंकनचा चेहरा असलेलं अमेरिकेचं एक सेंटचं तांब्याचं नाणं) माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "65 आणि 66 मधला फरक नाण्यात नसतो, डबीवरच्या चिठ्ठीत असतो. हे पैसेवाल्यांचे चोचले. शिवाय तांबं डबीतही काळवंडतं, आणि असल्या किमती वाचून नवखे घाबरतील." (65, 66 हे नाण्याच्या अवस्थेचे ग्रेड, 70 पैकी. कंपनी नाणं अस्सल आहे का ते तपासते, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते आणि ग्रेड चिठ्ठीवर लिहिते.)

मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'चोचले'? तेही टोपणनावाआडून? न्यू जर्सीत नवा होतो तेव्हा वजनावर, पौंडाच्या भावाने व्हीट सेंट (मागे गव्हाच्या ओंब्या असलेले जुने लिंकन सेंट) आणून रात्री निवडत बसायचो. पैसेवाला म्हणे!

चिठ्ठी कशासाठी, तेही ऐका. एका प्रदर्शनात एक विक्रेता माझ्या मित्राच्या गळ्यात 1914-डी (डी म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ) मारत होता. सुटं नाणं, डबी नाही, चिठ्ठी नाही. मी भिंग लावलं, तर लिंकनच्या खांद्यावर व्ही.डी.बी.! नाण्याचा शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर याची ही आद्याक्षरं 1909 मध्येच मागच्या बाजूवरून काढली गेली आणि खांद्यावर आली ती 1918 मध्ये. 1914 च्या नाण्यावर ती येतील कुठून? 1944-डी मधला पहिला 4 खरवडून 1 केलेला होता. 9 आणि 1 मध्ये नको तेवढी फट. (मित्राने नंतर जेवण दिलं, ते वेगळं.)

आणि ग्रेडचं म्हणाल, तर 1909-एस व्ही.डी.बी. (एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को) फक्त 4,84,000 निघाले, पण लोकांनी पहिल्यापासून जपून ठेवले, म्हणून चांगल्या अवस्थेत आजही मिळतात. 1926-एस निघाले 45,50,000, जवळजवळ दहापट. तरी तांब्याचा मूळ लाल रंग टिकलेला 65 शोधून दाखवा! सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत त्या काळी ठसेच अर्धवट उठायचे, आणि तेव्हा कोरी नाणी बाजूला ठेवलीही फारशी कुणी नाहीत. घासलेला 1926-एस कुणाच्याही डब्यात सापडेल. मग हा फरक चिठ्ठीतला की नाण्यातला? 'जुना' म्हणवून घेणाऱ्याला हे मी सांगायचं?

डबीतलं नाणं बोटांत धरता येत नाही, हे मात्र मान्य. त्यात मजा कमी होते खरी.

तांबं काळवंडण्याचा विषय निराळा, इथे नको. नवख्यांची काळजी आपण करू नये. त्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात, आपल्याकडे नाही.

पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. 1931-एस वर बोलायला मला आवडेल.