चेनमध्ये जेवलो तर बिघडलं कुठे?

तुमची कमेंट वाचली, दोन ओळींत थँक्यू म्हणून सोडवत नाहीये म्हणून जरा लांबच लिहितो. तुमचं म्हणणं असं की दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौमध्ये राहून झन कुंगफूसारख्या चायनीज फास्ट फूडच्या चेनमध्ये जेवायचं आणि वर त्याचं कौतुक करायचं म्हणजे पुण्यात येऊन मॅकडीत आलू टिक्की खाण्यासारखं, हे सगळं केएफसीची कॉपी आहे, आणि खरं चायनीज गल्लीतल्या छोट्या दुकानातच मिळतं.

अहो, आलू टिक्की कशी? तुलना करायचीच तर जोशी वडेवाल्यांशी करा ना! ही चेन इथून जवळच्या डोंगग्वानची, बर्गर-फ्राईज ठेवतच नाहीत, सगळा खेळ वाफेचा. आंबवलेल्या काळ्या सोयाबीनमधली पोर्क रिब्ज, भात, वाटीभर सूप, अंड्याचं वाफवलेलं लुसलुशीत कस्टर्ड (हे मला भयंकर आवडतं), गरम पाण्यातून काढलेलं लेट्यूस. म्हणजे या भागातल्या घरातलं साधं जेवणच की. आता कढईवरचं चायनीज आचाऱ्याच्या हातावर असतं, हात बदलला की चव बदलली, त्याची चेन करणं अवघड. वाफेचं तसं नाही, म्हणून या लोकांनी 1997 मध्ये कॉम्प्युटरवर चालणारं वाफेचं कपाटच तयार करून घेतलं, ठरलेलं टेंपरेचर, ठरलेला वेळ, आचारी लागतच नाही. यात केएफसी कुठे आली? उलट 1987 ला बीजिंगमध्ये पहिलं दुकान उघडलेली केएफसीच आज इथे सकाळी तांदळाची पेज विकते, आणि 2008 पासून तर यौत्याओ पण, ते तळलेलं लांब पिठाचं असतं ना, ते. मग सांगा कोण कुणाची कॉपी करतंय!

ब्रूस लीच्या फोटोवर गिऱ्हाईक ओढतात म्हणालात, त्यावर मी कशाला भांडू, 2019 मध्ये त्याच्या मुलीच्या कंपनीनेच झन कुंगफूवर लोगोतल्या ब्रूस लीसारख्या चित्रावरून 21 कोटी युआनचा दावा लावला.

आणि गल्लीतल्या दुकानांचं म्हणाल तर मीही जातो हो, पण त्यातल्या कितीतरी दुकानांवर पाटी एकच असते, शाश्येन श्याओछ्र, म्हणजे शाश्येनचं खाणं. फुजियान प्रांतातला शाश्येन नावाचा एक तालुका, तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भिश्या बुडाल्या, कर्जात अडकलेली माणसं घर सोडून शहरोशहरी गेली आणि शेंगदाण्याच्या सॉसमधल्या नूडल्स नि वॉनटन (मोमोसारखे, पातळ पारीचे) विकायला लागली. नंतर तिथल्या सरकारनेच त्याचा ब्रँड केला, ट्रेनिंग सुरू केलं, आज देशभर हजारो दुकानं आहेत. मालक वेगळा, मेनू तोच. तुमच्या हिशोबात ही टपरी की चेन?

व्हेजचं विचारलंत ते मात्र बरं केलंत. झन कुंगफूत शाकाहारी माणसाचं अवघड आहे, लेट्यूसवर बहुतेक ऑयस्टर सॉस (कालवांचा) असतो, तो नको म्हणून फोनवर चायनीजमध्ये लिहून काउंटरवर दाखवायचं. त्यापेक्षा शाश्येनच्या त्या नूडल्स बऱ्या, फक्त त्यात डुकराची चरबी नको हेही आधीच लिहून ठेवा.