जाड स्क्रू आणि ठिसूळ हाड : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझा लेख वाचून सासूबाईंनी मणक्याच्या ऑपरेशनला नकार दिला, 'डॉक्टर असून लोकांना घाबरवता' हा तुमचा राग. आणि पुढे प्रश्न, 'हाड ठिसूळ असेल तर जाड स्क्रू घाला, त्यात तडकायचं काय?'

'स्क्रू बसवताना हाड तडकू शकतं' असं मी लिहिलं, पण कुणाचं आणि केव्हा ते सांगितलं नाही. ती चूक माझी. लेखात आज दुरुस्ती केली आहे. धोका आहे हे मात्र मागे घेत नाही.

स्क्रू जातो पेडिकलमधून. मणक्याच्या मागच्या कमानीला पुढच्या गोल भागाशी जोडणारा हा आखूड खांब. बाहेर कडक कवच, आत जाळीदार हाड. जाड स्क्रूची पकड चांगली, हे तुमचं खरं. पण कवचाला टेकेपर्यंतच. पेडिकलच्या बाहेरच्या जाडीच्या साधारण 80 टक्क्यांपुढे स्क्रू गेला की भिंतीवर ताण येतो. लहान मुलांचं पेडिकल थोडं फुगून जागा देतं. म्हातारपणी तसं होत नाही. आपली सोलापूरची कडक भाकरी आठवा: ताजी असताना दुमडते, कडक झाल्यावर दुमडायला गेलात तर मोडते.

अशा हाडात आटे पाडताना हाताला अडकाव लागतच नाही, भुशात सळई फिरवावी तसं वाटतं. तिथे मी स्क्रूपेक्षा एक मिलिमीटर बारीक टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, वापरतो, म्हणजे हाड स्क्रूभोवती दाबून बसतं. मग टोकाला गोळी असलेली सळई आत घालून चारही भिंती आणि तळ चाचपतो. त्याला दोन मिनिटं लागतात, पण ती मी कधीच वाचवत नाही.

2009 पासून चर्चेत आलेली दुसरी वाट आहे, कॉर्टिकल ट्रॅजेक्टरी. त्यात स्क्रू आतून बाहेर आणि खालून वर जातो, कडक कवचाला जास्त धरतो. पण तिथे बारीक टॅपची युक्ती उलटते. हाडच कडक असल्यानं स्क्रू घुसताना पार्स नावाचा अरुंद भाग तडकू शकतो. म्हणून तिथे टॅप स्क्रूच्याच मापाचा घ्यावा लागतो. एका वाटेवर जे पकड देतं तेच दुसरीवर हाड फोडतं.

स्क्रूभोवती हाडाचं सिमेंट भरण्याचं तुम्ही विचारलंत. फारच ठिसूळ हाडात पकड नक्की वाढते, पण ते शिरेतून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सरसकट नको.

आता सासूबाईंचं. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली आहे का? त्यातला घनतेचा आकडा, टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑपरेशनआधी हाडांच्या औषधांचं बोलून घ्या. कमरेचा आकडा एकटा पाहू नका. झिजलेल्या मणक्यांवर वाढलेली हाडं तो खोटा चांगला दाखवतात. खुब्याचा आकडा बघा, सीटी झाला असेल तर तोही दाखवा. आणि सर्जनना थेट विचारा, 'माझ्या पेडिकलचं माप किती, स्क्रू कितीचा?' या प्रश्नानं कुणी रागावू नये.

निर्णय सासूबाईंचाच. फक्त पायातली ताकद कमी होत गेली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर माझा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन जा.