शेपटाचा वेग

माणूस वर्षाचा होता होता चालायला शिकतो आणि पन्नाशीच्या आसपास चालण्याच्या गटात पुन्हा शिकायला जातो. या वेळी सोबत वीस जण, पुढे एक म्होरक्या आणि सगळ्यांत मागे एक राखणदार. चालण्यात शिकण्यासारखं काय असतं, ही ऐट पहिल्या चढापर्यंत टिकते.

पहिली पाच मिनिटं सावकाश चाला, अंग गरम होऊ द्या, असं म्होरक्या सांगतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चारजण वळणापलीकडे गेलेले असतात. वेग वाढवायचा म्हणजे लांब ढांगा टाकायच्या, ही त्यांची समजूत. पाय अंगाच्या फार पुढे पडला की टाच ब्रेकसारखी लागते आणि नडगीचा स्नायू बोंब मारतो. पावलं छोटी आणि भरभर टाकावीत, कोपरं काटकोनात ठेवावीत. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की मध्यम वेग झाला.

मोजत बसायचं नसेल तर सोपी खूण आहे : बोलता यावं, गाता येऊ नये. गाता आलं तर आपण रेंगाळतोय, बोलताही येईना तर फार ताणतोय. पण प्रत्येक गटात एक गृहस्थ असतात, ज्यांचं बोलणं रंगात आलं की पाय थांबतात. मुद्दा महत्त्वाचा असेल तर ते समोरच्याचा दंडही धरतात. मग मागची रांग त्यांच्यावर येऊन आदळते.

खरा घोळ रांगेचाच. निघताना जेमतेम पंधरा मीटर असलेली वीस जणांची रांग चढ किंवा अरुंद फाटक आलं की ताणत ताणत १०० मीटर होते. पुढचे थांबतात, पाणी पितात, हवेची तारीफ करतात. ताशी चार किलोमीटरने शेवटचा माणूस दीड मिनिटाने धापा टाकत पोचतो, आणि तो दिसला रे दिसला की पुढचे म्हणतात, ‘चला, आले सगळे!’ म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना दीड मिनिट विश्रांती, ज्याला गरज आहे त्याला शून्य. तासाभरात हे सहादा झालं की तो पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि सगळे म्हणतात, चिकाटी नाही. उपाय साधा आहे. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला म्होरक्याच्या पाठीशी आणायचं, आणि थांबल्यावर शेवटचा पोचल्यापासून पुढे पूर्ण एक मिनिट मोजायचं. मला विचाराल तर गटाचा खरा पुढारी राखणदारच. त्याचं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

बुटांचं एवढंच, की नवे बूट पहिल्याच दिवशी घालू नयेत. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात; अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासते, फोड येतो. टाच चुरचुरली की तिथेच थांबून पट्टी लावायची. पण वीस जणांना आपल्यासाठी कसं थांबवायचं, म्हणून माणूस गप्प राहतो आणि भीड नि फोड बरोबरीने वाढतात. छातीत दाब वाटला किंवा गरगरलं तर मात्र भीड न ठेवता थांबायचं नि सांगायचं.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला मध्यम वेगाची किमान १५० मिनिटं सांगते. गटाचा एक तास; त्यातून थांबे, फोटो आणि ते दंड धरणारे गृहस्थ वजा केले की उरतात चाळीस. बाकीची ११० एकट्याने, म्होरक्याच्या शिट्टीविना.

शेवटी म्होरक्या पोटऱ्या ताणायला सांगतो, तेव्हा निम्मा गट जागेवर नसतो. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मापक’. तो आकडा अजून मानगुटीवर आहे. त्यामुळे ९,७४० वर अडकलेली मंडळी उभ्या गाड्यांभोवती फेऱ्या मारत असतात, आणि राखणदार त्यांच्या मागे.