‘एकावर एक फ्री’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सणासुदीचे दिवस जवळ आले की कोल्हापुरातल्या गल्लीगल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज उगवतो. यंदा तो जरा जास्तच जोरात आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘एकावर एक फ्री’ म्हणजे सरळ निम्मी किंमत. एमआरपी छापलेली असते, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्नच नाही. दुकानदार पदरमोड करून देतो, मग आपण का सोडायचं? वस्तू आज ना उद्या लागणारच, आपल्या आज्ज्याही वर्षाचं भरून ठेवायच्या. असं घेतलं की घरखर्च निम्म्यावर येतो, आणि फुकटच्या वस्तूत खोट निघाली तरी तक्रार कशाला करायची! शेवटी, ‘न घेणारा येडा’ अशी प्रेमळ टीप.

येडं ठरायची तयारी ठेवून एकेक मुद्दा बघू.

निम्मी किंमत होते, पण दोन वस्तू खरोखर लागणार असतील तरच. 500 रुपयांच्या बेडशीटवर दुसरं फ्री असेल आणि घरात एकच हवं असेल, तर खिशातून 500 गेलेच. दर निम्मा झालाय असं वाटत असेल तर काउंटरवर म्हणून बघा, ‘एकच द्या की, अडीचशेला.’ उत्तर ठरलेलं: ‘तसं बसत नाही ओ, सिस्टीम दोनच घेतंय.’ आणि प्रत्येक ऑफर काही निम्म्या किमतीची नसते. दोनावर एक फ्री म्हणजे 33 टक्के सूट. ‘दुसरी वस्तू निम्म्या किमतीत’ म्हणजे जेमतेम 25 टक्के, तीही दोन्ही घेतल्या तर.

आता एमआरपी. या मुद्द्यावर भले भले गप्प बसतात, कारण छापील आकडा म्हटला की सरकारी शिक्का असल्यासारखं वाटतं. पण हा आकडा सरकार ठरवत नाही. उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार तो छापतो. कायदा सांगतो की किंमत छापा आणि त्यापेक्षा जास्त घेऊ नका. किती छापायची यावर औषधांसारखे अपवाद सोडले तर बंधन नाही. म्हणजे टी-शर्टच्या टॅगवर 1,298 लिहून ‘एकावर एक फ्री’ची पाटी लावली, तरी सगळं नियमात. एक टी-शर्ट पडला 649 ला. तसंच कापड, तशीच शिलाई महाद्वार रोडवर घासाघीस न करता 400 ला मिळत असेल, तर ही ऑफर महागच पडली. तुलना करायची ती एरवीच्या विक्रीच्या दराशी, टॅगशी नाही.

किराणा मालात ही तुलना सोपी आहे. पाकिटावर आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दरही छापावा लागतो. अक्षर बारीक असतं, चष्मा लागतो, पण असतं. समजा 180 ग्रॅमचं पाकीट 120 रुपयांना, त्यावर तेवढंच दुसरं फ्री. छापलेला दर एका पाकिटाचा, म्हणजे ग्रॅमला 67 पैसे. दोन मिळाली म्हणून निम्मा केला तर साधारण 33 पैसे. खालच्या फळीवर त्याच कंपनीचं 500 ग्रॅमचं पाकीट 150 ला असेल, तर दर 30 पैसे. फ्री नसलेलंच स्वस्त! आणि सेलोटेपनं चिकटवलेली जोडी हातात घेतली की टेपखाली तारीख झाकलेली नाही ना, तेही बघा. दोन्ही पाकिटांची.

पदरमोडीचं म्हणाल तर सरकारच्या कर खात्याचाही त्यावर विश्वास नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं 7 मार्च 2019 च्या परिपत्रकात जीएसटीच्या संदर्भात हे स्पष्ट केलंय: एकावर एक फ्रीमध्ये दुसरी वस्तू फुकट दिली असं वरवर वाटतं, पण प्रत्यक्षात ती एकाच किमतीत केलेली दोन वस्तूंची विक्री आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा तर आणखी पुढं जातो. वस्तूची किंमत व्यवहारात पूर्ण किंवा अंशतः वसूल करून ती फुकट दिल्याचा आभास निर्माण करणं, ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदाराला खरंच माल संपवायचा असतो असंही होतं, आषाढ सेलमध्ये चपला-बूट निघतात ते त्यातलेच. (कोल्हापुरी चपलेवर मात्र ‘एका पायावर दुसरा फ्री’ अशी पाटी अजून बघितली नाही.)

आज्जीला यात ओढायचं काही कारण नव्हतं. उन्हाळ्यात नवी मिरची बाजारात आली की ब्याडगी किती, संकेश्वरी किती, तिखटपणाला लवंगी किती, हे तिला तोंडपाठ असायचं. मिरची वाळवायची, मसाला भाजायचा, डंकावर चटणी कुटून आणायची आणि बरणीत दाबून भरायची. वर्षाला घरात किती चटणी लागते हे तिनं आधी ठरवलेलं असायचं, दर उतरलेला असायचा आणि माल वर्षभर टिकायचा. ऑफरमध्ये किती घ्यायचं हे दुकान ठरवतं. सॉस, बिस्किटं, ज्यूस यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त आणलं की जास्त खाल्लं जातं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या 2015 च्या अहवालानुसार अशा किंमत-सवलतींमुळं लोक खाण्यापिण्याच्या वस्तू सुमारे एक पंचमांश जास्त घेतात. तिथं ऑक्टोबर 2025 पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या ठरावीक पदार्थांवर मध्यम आणि मोठ्या विक्रेत्यांना एकावर एक फ्री देताच येत नाही.

साबण, टूथपेस्ट, कपड्याची पावडर यांची गोष्ट वेगळी. ती टिकतात, लागतात आणि दोन आणली म्हणून कुणी दोनदा आंघोळ करत नाही. तिथं दर बघून जरूर घ्या.

घरखर्च निम्म्यावर येतो म्हणे! भाडं, वीजबिल, सिलिंडर, दूध, क्लासची फी यातलं काय एकावर एक मिळतं? किलोभर मटणावर किलोभर फ्री कुणी दिलंच, तर रांग थेट रंकाळ्यापर्यंत जाईल.

राहिली तक्रार. कर मंडळाच्या म्हणण्याप्रमाणं दोन्ही वस्तू त्याच किमतीत विकलेल्या असतील, तर दुसरा टी-शर्ट उसवलेला निघाला तरी त्याचे पैसे आपण दिलेलेच आहेत. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल, तर कायद्यानं ती 30 दिवसांची आहे, आणि मुदतीत माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. ‘ऑफरचा माल हाय, बदलून मिळणार नाही’ असं ऐकवलं, तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरावर फोन लावा.