'अंधारात दगड' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. धडधडत चालून मध्येच बंद पडणाऱ्या डिझेल गाडीबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "वाचून करमणूक झाली. स्कॅनर न लावता फिल्टर आणि पाइप बघत बसणं म्हणजे अंधारात दगड मारणं. इंजेक्टरच्या रिटर्नची चाचणी किती वेळ करायची ते दिलेलं नाही, आणि क्रँक सेन्सरची बोळवण एका ओळीत केली आहे."

रिटर्नचं, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलच्या मोजणीचं, म्हणणं मान्य. वेळ आणि मिलिलिटरची मर्यादा इंजिनाप्रमाणे बदलते, निर्मात्याच्या पुस्तकातूनच ती घ्यावी, हे वाक्य राहून गेलं होतं. ते आता घातलं आहे.

पण 'करमणूक'? ज्याची गाडी चढावर, मागे वाहनांची रांग असताना बंद पडते, त्याच्यासाठी मी तो लेख लिहिला. चार रात्री बसून लिहिला. चूक दाखवा, जरूर दाखवा, पण हा शब्द मला लागला.

आता 'अंधारात दगड'. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, वापरू नका असं मी कुठे लिहिलंय? लेख पुन्हा वाचा. मी म्हटलं ते एवढंच की कोड म्हणजे निदान नव्हे. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) पी००८७ हा कोड आला तर त्याचा अर्थ रेलमधला दाब हवा तेवढा नाही. का नाही, हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळत नाही. फिल्टर तुंबला असेल, लाइन हवा ओढत असेल, पंप झिजला असेल, इंजेक्टर रिटर्नला जास्त डिझेल सोडत असेल किंवा सेन्सरच खोटं बोलत असेल. पाच वेगळी दुखणी, कोड एकच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी स्वतःची गाडी दोन महिने अशी होती. सकाळी लांब सेल्फ मारावा लागे, आयडलला हादरे, वेग कमी करून थांबलो की बंद. स्कॅनर लावला, हाच कोड आला. गॅरेजमध्ये आधी प्रेशर सेन्सर बदलला, मग दोन इंजेक्टर. मी मान डोलावत गेलो, कारण पडद्यावर लिहून आलं होतं. गाडी तशीच. शेवटी मी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक पाइप बसवला आणि इंजिन सुरू केलं. बुडबुड्यांची माळ! तोच पाइप फिल्टरच्या आधी, टाकीच्या बाजूला लावला, तर तिथे डिझेल स्वच्छ. म्हणजे हवा शिरत होती ती फिल्टरपाशीच. जोडातली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. ती बदलली, हँड पंपाने एअर काढली, आणि त्या दिवसापासून गाडी बंद पडलेली नाही.

बाहेर डिझेलचा थेंबही दिसला नव्हता, आणि त्याचं कारण साधं आहे. टाकीत पंप नसलेल्या गाडीत इंजिनावरचा पंपच डिझेल ओढतो, त्यामुळे त्या लाइनमध्ये ओढ असते. चीर पडली की डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभर उभ्या गाडीतलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फ लांबतो. यात अंधार कुठे आहे? डोळ्यांना दिसणारी गोष्ट मी डोळ्यांनी पाहायला सांगितली.

आणि कृपा करून ही तपासणी करताना कुणी रेलच्या बाजूचे नट सैल करू नका. तिथला दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त जातो, ती धार कातडीत शिरते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत एकेक नट सैल करून मिसिंगचा, म्हणजे नीट न पेटणारा, सिलिंडर शोधत, ती सवय इथे चालणार नाही.

क्रँक सेन्सरची (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा सेन्सर) ती एक ओळ अशी होती: इंजिन तापल्यावर एकदम बंद, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत नाही, थंड झाल्यावर पुन्हा सुरू, तर सेन्सर पाहा. तेवढं पुरेसं आहे. त्यावर वाद घालत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा गाडी बंद पडताना रेलचा दाब किती होता आणि फिल्टरनंतरच्या पाइपात काय दिसलं, एवढं लिहा. त्यावर बोलू.